डावीकडची खिडकी

विट्याच्या स्टँडसमोर माझं दुकान :
झेरॉक्स, रिचार्ज आणि विमानाची तिकिटं.
शेजारचा चहावाला गिऱ्हाइकांना सांगतो,
जिथं लाल गाडी वेळेवर येत नाही
तिथं हा गडी आभाळ विकतो.

विकतो खरा.
आमच्याकडं घराआड एक माणूस गलाईवर,
कोण त्रिशूरला, कोण अमृतसरला, कोण पार सिलचरला,
लोकांच्या मोडक्या बांगड्या मुशीत घालून
सोनं वेगळं, हीण वेगळं करत बसलेला.
मीही बसलो नऊ वर्षं.
तेजाबानं बोटांचे ठसे गेले,
आता रेशनच्या दुकानातलं यंत्र
मला मी मानत नाही.

मंगळवारी शालनकाकू आल्या, लेंगऱ्याच्या.
पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.
"धनाजीचं तिकीट तूच काढलंस न्हवं?"
मीच काढलेलं. पुणे ते कोची,
उद्या, दुपारी तीन चाळीस.
शेठच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस पुण्यात आला होता,
गावाकडं यायला जमत नाही, असं फोनवर म्हणाला होता.
मला. काकूंना काय म्हणाला, माहीत नाही.

"किती लांब पडतंय?"
नऊशे त्र्याहत्तर किलोमीटर, सरळ रेघेत.
"आन् येळ?"
पावणेदोन तास.
"मला लेंगऱ्यासनं हितं यायला तेवढाच लागला,"
त्या म्हणाल्या, "गाडी पंक्चर झाली."

नऊशे त्र्याहत्तर हा आकडा शंभर नंबरी,
मुशीतून ओतल्यासारखा.
त्यातलं सगळं हीण काढून टाकलेलं :
विट्यापासून पुण्यापर्यंतची एस.टी.,
तपासणीच्या रांगेत सोडलेला कमरेचा पट्टा,
कोचीत उतरून त्रिशूरची बस,
तिकडं शाळेत जाणारी नात,
जी आजीशी फोनवर दोनच शब्द बोलते,
त्यातला एक हॅलो.
आमच्या धंद्यात घट धरतात, गुंजभर.
इथं किती धरायची
हे मला कुठल्या शेठनं शिकवलं नाही.

मी पडद्यावर नकाशा फिरवून दाखवला.
रेघ पुण्यातून निघते, साताऱ्याच्या अंगानं
खाली खाली येते.
"म्हंजे आपल्या डोक्यावरनंच की!"
जरा मावळतीला, म्हटलं, पण हो,
उडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत.
"मग हात केला तर..."
आणि पदर तोंडाला लावून
स्वतःच हसल्या.

हसू ओसरल्यावर विचारलं,
"आपलं गाव कंच्या अंगाला ईल?"
डाव्या.
"त्याला डावी खिडकी दे."
खिडकीला साडेतीनशे जादा पडतात, काकू.
बारक्या पर्समधून शंभराच्या तीन निघाल्या,
मग दहाच्या पाच, एक फाटकी, चिकटपट्टी लावलेली.
"मधी काय आडवं येत न्हाई न्हवं?"
पंख येतो, म्हटलं, पण पंखाच्या मागची देतो.
एकवीस अ.

"घरावर निळा कागद हातरलाय,
गळतंय म्हून. निळा दिसंल त्येला.
आन् पैसं मी दिलं म्हून सांगू नगंस."

तिकिटावर नाव छापतं, वेळ छापते,
किती किलोचं सामान, तेही छापतं.
खिडकीतला माणूस जागा असेल का,
हे छापायची सोय नाही.
ढगांचंही कळत नाही.

बुधवारी विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं.
मी काकूंना फोन लावला, उचलला नाही;
गच्चीवर असतील, किंवा शेजारणीच्या पत्र्यावर,
आधीपासूनच.
चार वाजून वीस मिनिटांनी दुकानाबाहेर आलो,
डोळ्यांवर बिनठशांचा हात धरला.
मावळतीकडं ऊन फार होतं.
स्टँडात आटपाडीची गाडी लागली,
माणसं खिडकीतून रुमाल टाकून
जागा धरू लागली.
चहावाला म्हणाला, काय शोधतोस वर?

काही नाही, म्हटलं,
एक सीट बदलून दिली होती.